रिलीव्हर

फहाहीलच्या दवाखान्यात सुदानी डॉक्टर
तिसऱ्यांदा म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल.
मग दाढ का झिजली?
दाढीत हे रुपयाएवढं टक्कल?
परवा एटीएमपुढं चार आकडे आठवेनात,
मागं रांग,
आणि ते तर लेकीचं जन्मसाल.

झोप? येते. पहाटे, ड्यूटीची बस यायच्या जरा आधी.

तो अंगठा ठेवतो जबड्याच्या सांध्यावर.
दाबत नाही. नुसता ठेवतो.
इथं काय धरलंयस?

पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता, डॉक्टर.
अक्काला नेलं ते फोनवर बघितलं,
आवाज बंद करून.
खालच्या बंकवर टेकबहादूर
रात्रपाळी करून झोपला होता.
दात आवळून धरले. चौदा मिनिटं.
मग बॅटरी गेली.

डॉक्टर चष्मा पुसतो. बाहेर धूळ, भरदुपारी दिवे.
म्हणतो, तुझा मेंदू
अजून त्याच पाळीवर उभा आहे.
त्याला रिलीव्हर आलाच नाही.

गोळी लिहून दिली. अर्धी.
खोलीवर आलो तर टेकबहादूर जागा,
चहा उकळत ठेवलेला.
म्हटलं, ऐक,
मला एक बहीण होती.