डावीकडचा अंधार

ग्रिम्स्बीच्या जुन्या मच्छीमार क्लबात
आज कीथ ऑक्स्टोबीसाठी वाजवताहेत.
तिकीट पाच पाउंड, जमेल ते हॉस्पिसला.
दारात मॉरीन थर्कल मनगटावर शिक्का मारते,
माशाचा.
दुसरा सापडलाच नाही म्हणे.

मी आयएसओ वाढवते, सहा हजार चारशे.
चित्र रवाळ येणार. येऊ दे.
या मंचावर उजेड कधी पुरलाच नाही:
एक पिवळा दिवा, एक लाल,
तिसरा कीथने दुरुस्तीला नेला होता.

चार वर्षं दर गुरुवारी मी इथे
या खांबाला टेकून, बिअरने चिकट झालेल्या फळ्यांवर.
कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही.
ड्रमवाला लेटन मला मिसेस फ्लॅश म्हणतो.
फ्लॅश मी वापरत नाही.

मॉरीन म्हणाली होती, तुझ्याकडे असेलच की
त्याचा एखादा चांगला फोटो, पडद्यावर लावायला.
अकरा हजार चाळले.
एक कोपर.
बासची मान, चार खुंट्या.
झांजेआड अर्धा कान.
तो उभा राहायचा डावीकडे, स्पीकरमागे,
दिवा पोचत नाही तिथे,
आणि मी फोकस करायचे गाणाऱ्यावर.

एकदा त्याच्या दुकानात गेले होते, गोदीजवळ.
पोट उघडे पडलेले अँप्लिफायर, तापल्या कथलाचा वास.
म्हटलं, आमच्या मिरजेत अख्खी गल्ली आहे,
आढ्याला भोपळे टांगून
तंबोऱ्याची घोडी घासत बसतात माणसं,
तार झणझणावी म्हणून.
तो हसला. तीस वर्षं मी
तीच झणझण काढायचे पैसे घेतोय.
मग मी तारेखालच्या सुताचं सांगितलं.
त्याला काय म्हणतात, त्याने विचारलं.
जीव, म्हटलं.
अर्थ सांगताना माझी तारांबळ झाली.
त्याने स्वेटरच्या बाहीतून हिरवा धागा उपसला,
बासच्या जाड तारेखाली सरकवला
आणि ऐकत बसला. गिऱ्हाईक आलं, गेलं.

मार्चमध्ये तो आला. मंगळवार, चौदावा नंबर,
गाऊनची नाडी पाठीवर सुटलेली.
तू इथेही फोटोच काढतेस होय?
हनुवटी वर. खांदे पुढे.
श्वास घ्या. रोखा.
इतका स्थिर तो मंचावर कधी नव्हता.
उमटल्या बरगड्या, हृदयाची सावली,
आणि डाव्या फुप्फुसात, वर,
जे होतं ते.
सोडा, म्हटलं.
सांगायचं काम डॉक्टरांचं, माझं नाही.
कसा आलाय? त्याने शर्टची बटणं लावत विचारलं.
स्पष्ट, मी म्हणाले.
हा शब्द मी अजून कुणाजवळ बोललेले नाही.

पडद्यावर कोपर लागतं, आठ फूट रुंद.
आधी कुणाला कळत नाही.
मग मागून कुणीतरी ओरडतं, अरे, कीथ!
आणि आख्खा हॉल त्या कोपरासाठी
टाळ्या वाजवतो, हसतो, मॉरीन नाक पुसते.

त्याची बास आज पुतण्या रीसच्या गळ्यात.
सतरा वर्षांचा, पट्टा त्याला फार लांब होतोय.
पहिल्या सुरालाच जाड तार झणझणते.
साउंडवाला नेव्हिल मान हलवतो, हात पुढे करतो.
रीस मागे सरकतो. असू दे.
माझ्या लेन्समध्ये, घोडीजवळ,
काहीतरी हिरवं.

मी खांब सोडते, डावीकडे जाते,
स्पीकरमागे, वायरींच्या गुंत्यात.
इथून गाणारा दिसत नाही,
सगळ्यांच्या पाठी दिसतात, घामेजलेले शर्ट,
आणि समोर माणसांचे चेहरे, अर्धे लाल.
हे तो चार वर्षं बघत होता तर.
शटर एक अष्टमांशावर आणते,
श्वास रोखते.

फोटो हललेला आलाय.
मॉरीनला तोच पाठवणार आहे.