अर्धी टाकी

समाधान गिते, रोल नंबर एकोणचाळीस,
जहाजाचं स्थैर्य या पेपरात शंभरापैकी एकतीस.
मी पुन्हा बेरीज केली. एकतीसच.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र असं
की वर्गात मीही इतकं नीट सांगितलं नसेल:
'टाकी काठोकाठ भरलेली असेल तर भीती नाही,
पार रिकामी असेल तरी नाही.
अर्धी असली की आतलं पाणी
जहाज कलेल तिकडेच धावतं,
आणि सरळ व्हायचं बळ कमी होत जातं.'
खाली आकृती, पट्टीने आखलेली.
मग पाच पानं कोरी.

गेल्याच महिन्यात सगळ्या कॅडेटांकडून
आम्ही एक फॉर्म भरून घेतला होता.
झोप, भूक, घरची आठवण, अभ्यासात लक्ष,
सगळं एक ते पाचमध्ये.
याने सगळीकडे पाच लिहिले.
पोरगा नावाला जागला, म्हणत
ऑफिसात हसले सगळे.
मीही.

रात्री अकराची फेरी, माझगावचं हॉस्टेल.
गच्चीवर तो बूट पॉलिश करत बसलेला,
आधीच चकाकणारे.
समोर गोदीचे पिवळे दिवे,
भाऊच्या धक्क्याकडून सुकटीचा वास.
"झोप?"
"येईल, सर."
"कितवी रात्र?"
ब्रश थांबला. "मोजायचं सोडलं."

मग बऱ्याच वेळाने, बुटाकडेच बघत:
"केजला वडील मोटारी भरून देतात.
आतून जळलेली मोटार नुसत्या वासावरून ओळखतात.
फोनवरून वास जात नाही, तेवढं बरंय."

एकवीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली मी.
दर पाळीला पितळी वजनाची फीत
टाकीत तळापर्यंत सोडायची,
वर ओढून ओली खूण बघायची,
वहीत आकडा लिहायचा.
कधी कुठल्या टाकीला
फॉर्म भरायला दिला नाही.

सकाळी प्राचार्यांना काय सांगायचं,
अजून ठरत नाहीये.
आत्ता त्याचा दुसरा बूट माझ्या हातात आहे
आणि तो बोलतोय,
परीक्षेबद्दल नाही, आईबद्दल नाही,
तांब्याच्या तारेबद्दल:
तीन हॉर्सपॉवरला कुठल्या जाडीची,
किती वेढे,
आणि एक जरी चुकला तर
सगळं उसवून
पहिल्यापासून कसं भरायचं.