दोराच्या गाठी

पुसात पाणी सातव्या गाठीवर होतं.
आता वैशाख सरत आला. अठरावी गाठ
मुठीतून निसटून खाली जाते
आणि घागर पूर्वीसारखी डुबुक म्हणत नाही,
खरवडते.

दोर घरचा आहे.
अंबाडी आम्हीच पेरलेली, बोडीत कुजवलेली,
माझ्या भावानं, रेवनाथनं, मांडीवर वळलेली.
त्याच्या मांडीला तिथं अजून केस नाहीत.

नागपूरहून भाचीचा फोन येतो,
"आत्या, तुमचं म्हणे सगळं घरचंच असतं?"
मी मोजते. तांदूळ. लाखोळी. हळद.
जवसाचं तेल, पण घाणा पवनीचा.
बियाणं राखेत, वाळक्या भोपळ्याच्या पोटात.
मीठ विकतचं, माचीस विकतची,
चहापत्ती तर विचारूच नको.
"आणि पाणी?"
इथं रेंज जाते.

आंघोळ मी वांग्यांच्या ओळीत करते,
पहाटे, अंधार आहे तोवर, दगडावर बसून.
रोज दगड एक झाड पुढं सरकतो.
अकराव्या झाडाची पाळी येईस्तोवर
ते मान टाकून बसलेलं असतं.
त्या दिवशी मी साबण लावत नाही.

नवतपा लागला तशी
खुडूक कोंबडी अंडी सोडून
रांजणाच्या झिरपत्या बुडाशी जाऊन बसली,
चोच उघडी, पंख फाकलेले.
मी रागावले. मग मीही तिच्याशेजारी बसले.
संध्याकाळी रेवनाथनं टोपलंच उचलून
रांजणापाशी आणलं.
अकरातली सात फुटली.
चार भोपळ्याच्या आळ्यात पुरली.
"वाया काहीच गेलं नाही," तो म्हणाला.
मी माती दाबत राहिले.

दुपारची सावली मात्र घरची नाही.
ती सायत्राबाईच्या कडुलिंबाची.
दोन वाजता कुंपण ओलांडते,
चारपर्यंत आमच्या चुलीशी येते.
तिच्यात आम्ही दोघं, शेळी, सात पिल्लं,
वाळत घातलेली मोहफुलं
आणि कुणाचंच नसलेलं एक कुत्रं.

चैतात तिच्या लेकानं लाकूडवाला आणला होता.
टेप घेऊन तो खोडाला वळसा घालायला आला
तर बाई खोडाला पाठ लावून बसलेली.
"उठत नाही मी," म्हणाली,
"माह्यासकट माप घे."
त्यानं घेतलंही, हसत.
कागदावर काय आकडा लिहिला देव जाणे,
परत आला नाही.

तिची विहीर मात्र त्याच महिन्यात आटली.
तेव्हापासून रोज दोन घागरी ती आमच्याकडून नेते.
सावलीचं कुणी बोलत नाही,
पाण्याचं कुणी बोलत नाही.
मी तिच्या घागरी आधी भरते
कारण नंतरचं पाणी गढूळ येतं.
हे तिला ठाऊक आहे. तेही कुणी बोलत नाही.

काल दोर संपला.
विसाव्या गाठीनंतर हातात नुसतं टोक,
आणि घागर पाण्यावर वीतभर लोंबकळत.
रेवनाथ म्हणाला, नवा वळायला चार दिवस तरी.
कोठीत अंबाडी मूठभर.

सायत्राबाई घागरी ठेवून मुकाट्यानं परत गेली.
मला वाटलं, रागावली.
आली तर खांद्यावर दोराचं वेटोळं,
तिच्या आटल्या विहिरीचा, बाजारचा, निळा नायलॉन.
मी नको म्हणायला तोंड उघडलं.
"हीर तं गेली," ती म्हणाली,
"आता दोराचं का लोणचं घालू?"

रेवनाथनं दोन्ही टोकं जोडली,
थुंकी लावून, दातांनी ओढून.
गाठ बोंगाडी झाली, लिंबाएवढी.
रहाटावरून जाताना दर खेपेला अडते,
घागर मधेच थांबते, अंधारात हेलकावते,
थोडं पाणी सांडतं.
आम्ही दोघी मिळून एक हिसका देतो
आणि मग ती वर येते.