साठ ग्रॅम

भोसरीत, मागच्या शेडमध्ये
पहिल्या पाळीची बॅच फसफसून वर आली.
टाकीच्या काठावरून पांढरा फेस
सावकाश उतरला, मुलाणींच्या बुटावर.

मी लॅबमधून बाटली घेऊन धावले.
"थांबा मॅडम."
त्यांनी ढवळणीचा वेग निम्म्यावर आणला.
"पातं उघडं पडलंय. हवा पितंय ते."

मग तीनशे किलोला साठ ग्रॅम डिफोमर,
तोही पाण्यात मोडून, धार न लागू देता.
जास्त झाला तर फेस मरतो खरा,
पण गोंदालाच कागद नकोसा होतो,
पसरतानाच पडतात
माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं.

गेल्या मे महिन्यात ती मीच पाडली होती.
अप्पा बळवंत चौकातून
चारशे वह्या परत आल्या,
पाठ सुटलेल्या,
पानं पत्त्यांसारखी मोकळी.
बाइंडर काही बोलला नाही,
एक वही उलटी धरून नुसती हलवली.

मुलाणींनी टाकीला कान लावला.
"अजून पोकळ बोलतीये."

उपड्या डब्यांवर आम्ही दोघं.
आत एकेक फुगा
आपापल्या वेळेनं फुटत होता.
तीनचा भोंगा झाला,
कंपनीची बस निघाली पिंपरीकडे.
मुलाणी उठले नाहीत.
बुटावरचा फेस वाळून
पापुद्रा झाला होता,
तो नखानं सोलत बसले.