उपयोगिता प्रमाणपत्र

मेडिकलच्या गेटसमोर मे महिन्यात
आमच्या विहाराची पाणपोई.
चार रांजण, वाळ्याची ताटी
आणि बारा ते चार पंचफुलाबाई खोब्रागडे.

यंदा अनुदान मंजूर झालं,
चौदा हजार, दोन हप्त्यांत.
सोबत आला तक्ता:
लाभार्थी, प्रवर्गनिहाय. स्वयंसेवकांचे तास.
खर्चाच्या पावत्या, मूळ प्रती.

रांजण कुंभारानं असेच दिलेले.
पाणी मागच्या गुरुद्वाऱ्याच्या बोअरचं,
मोमीनपुऱ्याचा सलीम ठेल्यावर आणून टाकायचा.
पावती कोण कोणाला देणार?

मी पेन घेऊन बाईजवळ बसलो.
"काल किती जण पाणी प्याले?"
"मोजलं नाही बाप्पा."
"अंदाजे तरी?"
ती ओतत राहिली.
बैतूलकडचा एक बाप,
काखेत मुलीचा एक्स-रे,
ओंजळ भरून वाहिली तरी पुढेच धरलेली.
"ह्याले कोन्या रकान्यात लिवशीन?"

जूनच्या तीन तारखेला तपासणीचे साहेब आले.
पारा सेहेचाळीसवर.
खुर्ची नाकारली, फाइल मागितली,
मग थांबले,
आणि दोन गडवे पाणी प्याले उभ्यानंच.
मिशी पुसत म्हणाले, "हं. पावत्या?"

मी तक्त्यात पहिली नोंद केली:
लाभार्थी, एक.
प्रवर्ग विचारायची हिंमत झाली नाही.