दुसरं खानापूर

पार्सल आमच्या काउंटरवर आलं ते मंगळवारी,
विट्याच्या गाडीतून, बियाण्यांच्या पोत्याखाली चेपून.
नाव: गुर्रम लिंगव्वा. गाव: खानापूर.
पिनकोड आमचा, पण गावात लिंगव्वा नाही.
तरी मोबाईल लावला. पलीकडून एक बाई
भराभरा तेलुगूत बोलत सुटली,
त्यातला एकच शब्द मला कळला,
तो आमच्या गावाचा होता.

नकाशा बोटांनी ताणत नेला पूर्वेकडं.
सहाशेएक किलोमीटरवर, गोदावरीच्या अंगाला
आपल्याच नावाखाली भलतंच कुणी राहतंय.
गोदावरीच्या!
आणि आमची अग्रणी, पावसाळा सोडला
तर नुसती वाळू आणि बाभळी.
मला जरा रागच आला.

तेव्हापासून डोक्यात भुंगा.
तिथल्या स्टँडवर केळीवाला कुठल्या हाताला बसतो?
दहावी झालेल्या पोरी तिथंही म्हणतात का,
"खानापुरात काय ठेवलंय?"
आणि परगावी कुणी विचारलं, "कुठलं खानापूर?"
तर मान वाकडी करून सांगतात का,
"आमचंच. दुसरं कुठलं असतंय?"

ज्या पाटीची एसटी मला जन्मभर घरी सोडत आली,
ती पाटी तिकडं दिसली
तर चढणं म्हणजे घरापासून लांब जाणं.
आणि पाटी असणार तेलुगूत.
आपल्याच गावाचं नाव
मला वाचता येणार नाही.

शहाजीमामा बावीस वर्षं वरंगळला गलाईवर होता.
दुसऱ्यांचं सोनं आटवून
तेजाबाचा धूर तेवढा छातीत घेऊन परत आला.
"मामा, इतक्या जवळ होतास, गेला नाहीस कधी?"
"हितं हुतं की आपलं. दुसरं कशाला?"
मग तंबाखू मळता मळता, बऱ्याच वेळानं:
"एकदा चढलो हुतो. पहिल्याच वर्षी, बेंदराच्या दिवशी.
नुकती अक्षरं लागायला लागली हुती.
पाटी वाचली आन् पाय आपसूक वर गेलं.
कंडक्टरनं इचारलं कुठं, म्हनलं खानापूर,
आन् रडायलाच लागलो, पोरी.
पुढच्या वळणावर उतरवलं त्यानं."

पार्सलचा कोपरा फाटला होता.
आत लहान मुलाचा चष्मा,
निळ्या काड्यांचा, जाड भिंगांचा.
म्हणजे तिकडं एक पोर अजून
फळ्याकडं डोळे बारीक करून बघत असणार
आणि त्याचं दिसणं इथं,
आमच्या वजनकाट्याशेजारी.

दुपारी कुणी नव्हतं. मी तो घातला.
शटरबाहेरचं गाव विरघळलं.
पाण्याची टाकी एक करडा ठिपका,
दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं वितळून गोल,
कुठल्याही भाषेतली.
एक लाल डाग सावकाश वळून स्टँडात शिरला,
त्यातून उतरणारी माणसं कुणाचीही.
टाकीमागं नदी असेलही.
मी बराच वेळ तशीच बसले,
डोकं दुखायला लागलं तेव्हा काढला.

संध्याकाळी मामाकडून पत्ता तेलुगूत लिहून घेतला,
मुशीतून सांडलेल्या थेंबांसारखी अक्षरं.
त्यातलं गावाचं नाव बोटानं गिरवून बघितलं,
कुठून सुरू करायचं तेच कळेना.
पाठवणार: खानापूर. घेणार: खानापूर.
विट्याचा गाडीवाला हसला,
"काय ताई, स्वतःलाच धाडताय व्हय?"

अकराव्या दिवशी मोबाईलवर आलं: पोचलं.
सही कुणाची ते लागत नाही.

गाड्या बघून ठेवल्यात. तिकीट काढलेलं नाही.
आज स्टँडवर डझनभर केळी घेताना लक्षात आलं,
आपल्याकडं तो डाव्या हाताला बसतो.