एकोणीस औंस

गोदामाएवढ्या दुकानात, टायरांच्या शेजारी
ढीग रचला होता, पंचवीस डॉलरला एक.
रंग उकडलेल्या बीटाचा, म्हणूनच बहुधा स्वस्त.
मी दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले,
मग ट्रॉलीत टाकलं आणि वर बटाटे ठेवले.
कुणी विचारलंच, तर मी बटाट्यांना आले होते.

डुलूथमध्ये मार्च म्हणजे हिवाळाच, नाव बदलून आलेला.
सकाळी शाळेची बस, दुपारी शाळेची बस,
मधल्या चार तासांत स्वयंपाकघरातलं टेबल
आणि आईचं शिवणयंत्र, ज्यावर तिनं
चर्चचे सगळे पडदे शिवले
आणि माझा एकही फ्रॉक नाही.

अंथरूण पाहून पाय पसरायचं वय गेलं.
आता पाय पाहून पांघरूण बेतायचं.
त्यावरच आडवी झाले, खडूनं स्वतःभोवती रेघ मारली,
खून झालेल्या जागी मारतात तशी.
खांद्यांशी रुंद, पावलांशी निमुळती.
डावा गुडघा नीट दुमडत नाही, त्याला दोन इंच जास्त.

नियम एकच आहे, तो मला नंतर कळला:
आधी शेजारी शेजारी दोन शिवणी घालायच्या,
मग त्यांच्या मधून कातर चालवायची.
मी आधी कातर चालवली.

बदकांच्या छातीवरची लव इतकी हलकी
की ती खाली पडायचंही मनावर घेत नाही.
दिव्याभोवती, कॉफीत, टोस्टरच्या फटीत.
धरायला जावं तर हाताच्याच वाऱ्यानं निसटते.
अंधार पडेपर्यंत ओल्या फडक्यानं टिपत बसले.
दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या ओडेसानं
माझ्या कॉलरवरून एक पीस उचललं.
"मिस कोलस्टाड, तुम्ही कोंबड्या पाळल्यात?"
"एकच," म्हटलं. "पण रागीट आहे."

पाठीखाली येणारा भाग मी ठेवलाच नाही.
माणसाच्या वजनाखाली पिसं चेपतात
आणि चेपलेलं पीस ऊब देत नाही.
ऊब पिसांत नसतेच मुळी,
पिसांनी अडवून धरलेल्या हवेत असते.
इथे मी जरा वेळ सुई खाली ठेवली.
लेलंडबरोबर सव्वीस वर्षं एका पलंगावर झोपले;
कुठल्या वर्षी काय चेपलं गेलं,
हा हिशेब मला करायचा नव्हता.
दोरा संपला होता, एवढंच.

खालच्या कडा जुळवून पावलांपुरती पिशवी केली,
तिच्या तोंडाला नाडी, मानेशी दोन बटणं,
बाजूंना लेलंडच्या राहून गेलेल्या पायजम्यातलं इलॅस्टिक.
आधी एक्केचाळीस औंस होतं, आता एकोणीस.
काटा खोटं बोलत असेल म्हणून
त्यावर एक बटाटा ठेवून पाहिला.

मेमध्ये मागच्या ओट्यावर झोपले.
उजव्या कुशीतून वारा आत. एक बटण वाढलं.

सप्टेंबरात टू हार्बर्सच्या पुढे, नदीच्या वर, बर्चच्या झाडांत
शेजारच्या तंबूतल्या पोरानं विचारलं,
"कुठल्या कंपनीचं?"
त्याचं स्वतःचं सहाशे डॉलरचं.
"कोलस्टाड," मी म्हणाले.
त्यानं मान डोलावली, नाव ऐकून असल्यासारखी.

पहाटे तीनला थंडीनं उठवलं.
पिसं सगळी पायांकडे सरकून बसलेली.
उठून बसले, दोन्ही हातांनी झटकलं,
पीठ चाळावं तसं, हळूहळू, कोपऱ्यांपर्यंत.
फुगलं परत. खाली लेक सुपिरिअर
दगडांवर काहीतरी आपटत होतं.
गुडघा दुखत होता, तो दुखणारच होता,
पण ऊबेत दुखत होता.

सकाळी एका शिवणीतून पीस अर्धं बाहेर आलेलं.
ते ओढायचं नसतं, त्याच्यामागे दुसरं येतं.
उलट बाजूनं चिमटीत धरून आत घ्यायचं.
घेतलं,
आणि कॉफीला पाणी ठेवलं.